टायरमध्ये नायट्रोजन भरावा का साधी हवा: कोणाला काय परवडतं

नवे टायर टाकले, अलाइनमेंट-बॅलन्सिंग झालं की टायरवाला हमखास विचारतो, "साहेब, नायट्रोजन मारू का साधी हवा?" आणि त्या वेळी विचार करायला वेळच नसतो, मागे दुसरी गाडी लागलेली असते, बिल आधीच वीस हजारांच्या घरात गेलेलं असतं त्यामुळे आणखी दीडशे रुपयांचं काही वाटत नाही, आणि आपण "मार बाबा नायट्रोजन" म्हणून मोकळे होतो. मग महिन्याभराने गावाला निघताना पंपावर हवा चेक करायची वेळ येते तेव्हा खरा प्रश्न पडतो, की आता साधी हवा चालेल का, मिक्स झालं तर टायरला काही होईल का, आणि बरेच जण त्या शंकेपोटी हवा भरायचीच टाळतात आणि तशीच गाडी हायवेला घालतात. मला हे खरंच काळजीचं वाटतं म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. रोजच्या वापरातल्या कारला नायट्रोजनचा फायदा आहे, पण छोटा आहे. आत कुठला गॅस आहे यापेक्षा टायर थंड असताना प्रेशर बरोबर आहे का, हे कितीतरी जास्त महत्त्वाचं. नायट्रोजन घराजवळ आणि स्वस्तात मिळत असेल तर जरूर भरा. त्यासाठी वेगळी चक्कर मारावी लागत असेल तर साधी हवा दर पंधरा दिवसांनी नीट चेक करून भरा, काही अडत नाही. आता एकेक मुद्दा घेऊ.

मुळात दोन्हीत फरक किती

साधी हवा म्हणजे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, एक टक्क्याच्या आसपास आर्गॉन वगैरे, आणि त्यात बाष्प, जे ऋतूप्रमाणे कमीजास्त होतं. म्हणजे साधी हवा भरली तरी पाऊण टायर नायट्रोजनच असतो. टायरवाल्याकडचं मशीनही बहुतेक ठिकाणी कुठला वेगळा गॅस आणून देत नाही, ते त्याच्याच कॉम्प्रेसरची हवा घेतं, त्यातलं पाणी आणि तेल गाळतं, आणि मग ती हवा दाबाखाली कार्बनच्या बारीक छिद्रांच्या दाण्यांमधून नाहीतर पोकळ धाग्यांच्या मेम्ब्रेनमधून नेतं, तिथे ऑक्सिजन वेगळा पडतो आणि नायट्रोजन पुढे टाकीत जमा होतो. मशीन चांगलं ठेवलेलं असेल, फिल्टर वेळच्या वेळी बदलले असतील तर ९५ टक्क्यांच्या वर प्युरिटी मिळते. फिल्टर जुने झाले की प्युरिटी खाली येते आणि आपल्याला बाहेरून काहीच कळत नाही, कारण रंग नाही, वास नाही. काही मशीनवर प्युरिटीचा आकडा दिसतो, दिसत असेल तर बघून घ्या, विचारायला लाजू नका, पैसे आपण देतोय.

आता भरायची पद्धत, आणि हे मी मुद्दाम हिशोब करून सांगतो कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. टायर पूर्ण सोडला तरी त्यात बाहेरच्या वातावरणाच्या दाबाएवढी हवा उरतेच, म्हणजे साधारण १४.७ पीएसआय (पीएसआय हे दाब मोजायचं एकक), प्रेशर मोजायचं गेज ते दाखवत नाही कारण गेज शून्य तिथूनच धरतं. त्यावर ३३ पीएसआय भरले म्हणजे आत एकूण ४७.७ झाले, त्यातला जवळजवळ एक तृतीयांश भाग जुन्या हवेचाच. मशीनमधून ९७ टक्के प्युरिटीचा गॅस येतोय असं धरलं तर एकदा सोडून भरल्यावर टायरमध्ये नायट्रोजन होतो ९१ टक्क्यांच्या आसपास. तोच टायर परत सोडून परत भरला की ९५. म्हणून ज्याला खरंच नायट्रोजन हवाय त्याने दोनदा सोडून भरून घ्यायला हवं, तेही गाडी जॅकवर घेऊन, नाहीतर गाडीचा भार सपाट टायरवर येतो. आणि टायर न सोडता नुसता वरून पाच पीएसआय नायट्रोजन मारला तर? ७८ चे ८० टक्के होतात. फक्त ८०! पैसे मात्र "नायट्रोजन भरला" म्हणून पूर्ण घेतात आणि व्हॉल्व्हवर हिरवं टोपण बसवून देतात. टोपणाच्या रंगावरून आत काय आहे ते कळत नाही, जुनी गाडी घेताना तर त्याच्यावर अजिबात जाऊ नका.

हवा किती दिवस टिकते

इथे नायट्रोजन खरोखर पुढे आहे. टायरचं रबर कितीही चांगलं असलं, आत ब्युटाइल रबराचा हवाबंद थर असला तरी गॅस हळूहळू त्यातून झिरपतोच, पंक्चर नसतानाही. ऑक्सिजन रबरातून नायट्रोजनपेक्षा तीन-चार पट वेगाने निघून जातो. त्यामुळे नायट्रोजन भरलेल्या टायरचं प्रेशर सावकाश उतरतं.

किती सावकाश, याचं एक चांगलं मोजमाप आहे. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांच्या मासिकाने २००६ ते २००७ असं वर्षभर ३१ मॉडेलचे टायर तपासले, प्रत्येक मॉडेलच्या एका टायरात हवा आणि दुसऱ्यात नायट्रोजन, सगळे ३० पीएसआयवर, आणि टायर नुसते उघड्यावर ठेवून दिले. वर्षाने हवेचे टायर सरासरी ३.५ पीएसआय उतरले होते आणि नायट्रोजनचे २.२. म्हणजे अख्ख्या वर्षात फरक १.३ पीएसआयचा. आता हे लक्षात घ्या की ते टायर रस्त्यावर धावत नव्हते, आपल्याकडे खड्डे, स्पीडब्रेकर, व्हॉल्व्हमध्ये अडकलेली माती, रिमच्या कडेचा गंज या सगळ्यातून जी हवा जाते ती याहून खूप जास्त असते आणि तिथे गॅस कुठलाही असो, सारखाच जातो. खिळा घुसला तर नायट्रोजनही निघूनच जातो.

अजून एक गंमतीची गोष्ट. ऑक्सिजन आधी निघून जातो आणि आपण वरून परत साधी हवा भरतो, त्यामुळे जो टायर वर्ष-दोन वर्षं साध्या हवेवर चालतोय त्यात नायट्रोजनचं प्रमाण हळूहळू आपोआप वाढत जातं.

म्हणून "नायट्रोजन भरला की सहा महिने बघायची गरज नाही" असं जे सांगतात ते मला अजिबात पटत नाही. उलट तेच सर्वात घातक आहे. चेक करणं दोन्हीत तेवढंच लागतं.

गरम झाल्यावर काय होतं

सर्वात जास्त गैरसमज इथे आहे. "नायट्रोजन थंड असतो", "नायट्रोजन फुगत नाही, म्हणून प्रेशर वाढत नाही", हे इतक्या खात्रीने सांगितलं जातं की चांगली शिकलेली माणसंही मान डोलावतात. पण बारावीला शिकलेला गॅसचा नियम आठवा, बंद जागेतल्या गॅसचं प्रेशर तापमानाच्या प्रमाणात वाढतं, आणि टायरमधल्या प्रेशरला कोरडी हवा आणि नायट्रोजन यांच्यात फरक जवळजवळ शून्य. सकाळी २७ अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर हायवेवर पळून आतून ५७ अंशांना गेला की तो ३७-३८ दाखवणार, आत नायट्रोजन असो नाहीतर पंपावरची हवा. थंडीतही तेच. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी ३० अंशांना भरलेली ३३ ची हवा जानेवारीत नाशिकला पहाटे १० अंशांना ३० च्या खाली दिसते, गळती काहीही नसताना. साधारण पाच-सहा अंशांना एक पीएसआय असा अंदाज धरा.

यातूनच एक सांगावंसं वाटतं, प्रवासात मध्येच थांबून गरम टायरमधली हवा "जास्त झालीये" म्हणून सोडू नका. कंपनीचा आकडा थंड टायरचा असतो, गरम झाल्यावर वाढणार हे त्यात धरलेलंच असतं. ३८ दिसलं म्हणून तुम्ही ३३ वर आणलंत तर गाडी उभी राहून टायर थंड झाल्यावर तो २९ च्या खाली उतरलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तसेच निघता.

मग नायट्रोजनचं प्रेशर स्थिर राहतं असं रेसिंगवाले का म्हणतात? ते पाण्यामुळे. आणि पाण्याचा मुद्दा मात्र खरा आहे, आपल्याकडे तर जास्तच खरा.

पाण्याचा मुद्दा

कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचतं. जून ते सप्टेंबर कोकणात, गोव्यात, मुंबईत हवा इतकी दमट असते की टाकीत रोज पाणी धरतं. टाकीखाली ते काढायला एक कॉक असतो, चांगला पंपवाला किंवा पंक्चरवाला रोज सकाळी तो उघडून पाणी सोडतो. पण कित्येक ठिकाणी तो कॉक गंजून बसलेला असतो, आणि मग नळीतून हवेबरोबर पाण्याचे तुषारही टायरमध्ये जातात. टायर बदलताना कधी जवळ उभे राहिलात तर बघा, काही टायरमधून चक्क पाणी सांडतं.

हे पाणी आत असलं की टायर गरम झाल्यावर त्याची वाफ होते आणि प्रेशरमध्ये भर पडते. ३० अंशांना वाफेचा दाब जास्तीत जास्त ०.६ पीएसआय असतो, ६० अंशांना तो २.९ पर्यंत जातो. म्हणजे आत पाणी साचलेलं असेल तर गरम होताना गॅसचं प्रेशर वाढतं ते वाढतंच, वर आणखी दोन-सव्वादोन पीएसआयची भर. रेसमध्ये जिथे अर्ध्या पीएसआयने गाडीची पकड बदलते तिथे हे चालत नाही, म्हणून तिथे कोरडा गॅस लागतो. आपल्या कारला दोन पीएसआयने आभाळ कोसळत नाही, पण स्टीलच्या रिमला आतून गंज चढतो, टायर जिथे रिमला घट्ट बसतो त्या कडेला पापुद्रे धरतात आणि तिथून बारीक गळती सुरू होते, जी पाण्याच्या टाकीत बुडवूनही पटकन सापडत नाही. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. नायट्रोजनच्या मशीनमध्ये हवा आधी कोरडी करावीच लागते, त्यामुळे तिथे हा प्रश्न राहत नाही.

पण याचा अर्थ असा की तुम्हाला हवी आहे ती कोरडी हवा. ड्रायर लावलेला चांगला कॉम्प्रेसर असेल तर साध्या हवेलाही हे सगळे फायदे मिळतात. पंपावर हवा भरायच्या आधी नोझल दाबून हवा हातावर सोडून बघा, हात ओला झाला तर तिथे भरू नका, दुसरीकडे जा. एवढं साधं आहे.

टायर फुटणं, समृद्धी, आणि विमानांचं उदाहरण

नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या यायला लागल्या तेव्हापासून आपल्याकडे नायट्रोजनची मागणी एकदम वाढली. आता तर जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता, नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत खुला आहे, सपाट भागात कारला ताशी १२० ची मर्यादा, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात काँक्रीट भाजून निघतं. त्याआधी २०१९ मध्ये नितीन गडकरींनीही राज्यसभेत सांगितलं होतं की टायरमध्ये नायट्रोजन भरणं सक्तीचं करायचा विचार चालू आहे. खासगी कारला अशी सक्ती आलेली नाही, पण त्यामुळे लोकांच्या मनात पक्कं बसलं की नायट्रोजन भरला म्हणजे टायर फुटत नाही.

टायर का फुटतो ते नीट समजून घ्या. बहुतेकांना वाटतं हवा जास्त झाली म्हणून फुग्यासारखा फुटतो. पण चांगल्या टायरची सहन करायची ताकद कंपनीच्या आकड्याच्या कितीतरी वर असते, ३८-४० ने तो फुटत नाही. फुटतो तो बहुधा कमी हवेने. ३३ च्या जागी २३-२४ असेल तर टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, ताशी १२० ला हे सेकंदाला पंधरा-सतरा वेळा होतं, त्या वाकण्याने रबर आणि आतल्या दोऱ्यांचे थर तापतात, चार माणसं आणि भरलेली डिकी असेल तर अजूनच, आणि साध्या रस्त्यावर मध्येमध्ये सिग्नल, गाव, स्पीडब्रेकर येतात तिथे टायर जरा निवतो, समृद्धीवर दोन-अडीच तास सलग एकाच वेगाने पळताना ती संधीच मिळत नाही. मग थर सुटतात आणि टायर फाटतो. त्यात टायर सहा-सात वर्षं जुना, नाहीतर कधीतरी खड्ड्यात आपटून बाजूला फुगवटा आलेला, नाहीतर गुळगुळीत झालेला असेल तर बघायलाच नको. २०२३ मध्ये आरटीओने समृद्धीवर टोलनाक्यापाशी टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली ती याचसाठी, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

आता सांगा, यात नायट्रोजनने काय बदलतं? हवा कमी असेल तर नायट्रोजनचा टायरही तसाच तापतो, जुनं रबर नायट्रोजनने नवं होत नाही. नायट्रोजन थोडी मदत करतो ती एवढीच की तुम्ही महिना-दोन महिने चेक केलं नाही तर प्रेशर थोडं कमी उतरलेलं असेल.

विमानांचं उदाहरण नेहमी देतात, "विमानात नायट्रोजनच भरतात". खरं आहे, पण कारण वेगळं आहे. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकाना कंपनीचं बोइंग ७२७ मेक्सिको सिटीहून निघाल्यावर थोड्याच वेळात कोसळलं आणि त्यातले सगळे १६७ जण गेले. ब्रेक अतितापल्यामुळे चाकाच्या खणातला टायर हवेतच फुटला होता, आणि त्या टायरमध्ये नायट्रोजनच्या ऐवजी साधी हवा होती. इतक्या उष्णतेला टायरच्या आतल्या थरातून जळणारे वायू सुटतात आणि आत ऑक्सिजन असला की त्याचा स्फोट होतो, साधं फुटणं नसतं ते. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या विमानांच्या टायरमध्ये ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या वर नको असा नियम झाला. हे तापमान विमानाच्या ब्रेकला येतं, खाणीतल्या अवजड डंपरला येऊ शकतं, त्यामुळे तिथे नायट्रोजन हवाच. तुमच्या हॅचबॅकला खंडाळ्याचा घाट उतरतानाही तिथपर्यंत तापमान जात नाही.

मायलेज, टायरचं आयुष्य वगैरे

मायलेज वाढतं म्हणतात ते गॅसमुळे वाढत नाही, प्रेशर बरोबर राहिल्यामुळे राखलं जातं. अमेरिकन सरकारच्या ऊर्जा खात्याचा ढोबळ आकडा असा की चारही टायरचं सरासरी प्रेशर एक पीएसआयने उतरलं तर मायलेज ०.२ टक्के घटतं. वर्षभर अजिबात हवा न बघणाऱ्या माणसाला वर्षाच्या शेवटी १.३ पीएसआयचा फरक पडला, वर्षाची सरासरी धरली तर त्याच्या निम्मा. वर्षाला १२ हजार किलोमीटर आणि लिटरला १५ चं मायलेज म्हणजे ८०० लिटर पेट्रोल, त्यात वाचतं साधारण एक लिटर. शंभर रुपये. आणि जो माणूस महिन्यातून दोनदा हवा बघतो त्याला हेही मिळत नाही, कारण त्याचं प्रेशर आधीच बरोबर आहे.

गाडी हलकी होते असंही ऐकलंय. एका कारच्या टायरमध्ये शंभर-सव्वाशे ग्रॅम हवा असते, नायट्रोजनने त्यातले चार ग्रॅम कमी होतात. सोडून द्या.

रबर आतून ऑक्सिजनने कडक होतं हे शास्त्र खरं आहे. पण रोज चालणाऱ्या कारचा टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला झिजून बदलावाच लागतो, आणि बाहेरून ऊन, धूळ, हवा त्याला खातच असते. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच चालणारी, बराच काळ उभी असणारी गाडी असेल तर तिथे आतून जपण्याला थोडा अर्थ आहे.

खर्च आणि सोय

पेट्रोल पंपावर हवा फुकट द्यायची हा नियमच आहे, पंक्चरवाल्याकडे गेलात तर टायरमागे पाच-दहा रुपये. नायट्रोजन पहिल्यांदा भरायला शहरात साधारण ३० ते ५० रुपये टायरमागे, टॉप-अपला १० ते २०, काही टायर दुकानांत नव्या टायरबरोबर फुकट. पाच टायरचे दीडशे-अडीचशे रुपये म्हणजे कुणाला जड नाहीत, त्यामुळे "लुबाडतात" वगैरे मी म्हणणार नाही. खरी किंमत वेळेची आणि सोयीची आहे. नायट्रोजनवाला तुमच्या रोजच्या रस्त्यावर असेल तर उत्तम, सकाळी टायर थंड असतानाच पोचता येतं. तो पाच किलोमीटर आत कुठेतरी असेल तर तुम्ही आज जाऊ, उद्या जाऊ करत महिना काढणार. आणि शहराबाहेर पडलात की बऱ्याच ठिकाणी तो मिळतच नाही, तळकोकणात उतरलात किंवा मेळघाटात गेलात तर कुठे शोधणार?

मला विचाराल तर नायट्रोजनच्या पैशात थोडी भर घालून एक चांगलं डिजिटल गेज घ्या, तीन-चारशेत येतं. जमलं तर गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा इन्फ्लेटर घ्या, दीड-दोन हजारांपासून मिळतो. सकाळी पार्किंगमध्येच थंड टायरला गेज लावायचं, कमी असेल तर तिथेच भरायचं, पंपावरच्या मशीनचा आकडा खरा का खोटा हा प्रश्नच मिटतो. आकडा कुठला ठेवायचा ते ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावरच्या स्टिकरवर असतं, फुल लोडचा वेगळा दिलेला असतो तोही बघा. टायरच्या बाजूवर जे मॅक्स प्रेशर छापलेलं असतं ते भरायचं प्रेशर नव्हे, ती टायरची कमाल मर्यादा.

मग कोणी काय करावं

शहरातल्या शहरात ऑफिस-घर करणारे, अधूनमधून लोणावळा-महाबळेश्वर: साधी हवा, बिनधास्त. फक्त कोरडी देणारा पंप हेरून ठेवा.

महिन्यातून दोन-तीनदा समृद्धी किंवा पुणे-बंगळूर हायवे करणारे: जवळ असेल तर नायट्रोजन, दोनदा सोडून भरलेला. पण त्याच्या आधी टायरची तारीख बघा, बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर टायर कायद्यानेही बाद आहे, त्यात नायट्रोजन भरण्यात पैसे घालू नका, टायर घ्या.

किनाऱ्यावर राहणारे, स्टील रिमवाले: नायट्रोजन नाहीतर ड्रायरवाली हवा, इथे मी नायट्रोजनच्या बाजूने आहे.

गावाकडची गाडी किंवा परदेशात असणाऱ्या मुलांनी आईवडिलांसाठी घेऊन ठेवलेली, महिनोन् महिने उभी असणारी: नायट्रोजन भरा, कारण तिथे हवा बघायला कोणी नसतं. तरी गाडी काढायच्या आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून प्रेशर बघायला लावाच, आई-बाबांना "काका, नायट्रोजन आहे, काही बघायचं नाही" असं कोणी सांगितलं असेल तर ते त्यांच्या डोक्यातून काढा.

ज्यांनी आधीच नायट्रोजन भरलाय आणि रस्त्यात टायर कमी दिसतोय: जवळच्या पहिल्या पंपावर साधी हवा भरा, लगेच. ९५ टक्क्यांच्या टायरमध्ये तीन पीएसआय साधी हवा गेली तर तो ९४ होतो, बस. काही रिॲक्शन होत नाही, टायर खराब होत नाही, पुढच्या वेळी नायट्रोजन परत भरता येतो. कमी हवेवर चाळीस किलोमीटर चालवण्याने टायरच्या आतल्या दोऱ्यांचं जे नुकसान होतं ते मात्र परत भरून येत नाही.

आणि स्टेपनी. तिच्याकडे कोणी बघत नाही, वर्षानुवर्षं डिकीखाली पडून असते आणि रात्री अकरा वाजता घाटात काढली की तिच्यातच हवा नसते. नायट्रोजनचे पैसे एकाच टायरला द्यायचे असतील तर मी स्टेपनीला देईन, कारण हवा हळू उतरण्याचा फायदा सर्वात जास्त तिलाच होतो. तुमच्या गाडीत बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिचं प्रेशर बाकीच्या टायरसारखं ३३ नसतं, बहुतेक ६० पीएसआय असतं आणि ते तिच्या बाजूवरच छापलेलं असतं, त्यामुळे टायरवाल्याने "सगळ्यांत ३३ मारले" म्हटलं तर तिला परत नळी लावायला सांगा.